धावती रेल्वे आणि पुसट होत चाललेले मैलाचे दगड : मोबाइलने फोटो कसे काढावेत आणि ते कसे जपावेत

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ एक जुना दगडी पूल होता. १८३० साली बांधलेला. त्यावरच्या जाहिरातीमुळे लोक त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा होता, तेव्हा तो स्फोटकांनी पाडला. इंजिनिअरिंगला असताना मी त्याच्या खालून कितीतरी वेळा गेलो होतो. पूल पडल्याची बातमी आली तेव्हा फोन शोधला. तीन फोटो सापडले. दोन बसच्या काचेतून काढलेले, हललेले. तिसरा चांगला होता, पण तो व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेला. कोणी काढला, कधी काढला, काहीच कळायला मार्ग नाही. फाइलवर तारीख होती ती मी तो डाउनलोड केल्याची.

त्या दिवसापासून माझ्या छंदाची पद्धत बदलली. रेल्वेचे फोटो मी आधीही काढायचो. आता त्यासोबत मैलाचे दगड, जुने सिग्नल, स्टेशनच्या पाट्या, भिंतींवरच्या रंगवलेल्या जाहिराती असं सगळं टिपतो. आणि फोटोइतकंच लक्ष त्याच्या तारखेकडे, जागेकडे आणि मूळ फाइलकडे देतो. कारण वस्तू गेल्यावर फोटोची किंमत या तीन गोष्टींवर ठरते.

या छंदाला महागडा कॅमेरा लागत नाही. तुमच्या खिशातला फोन पुरतो. फक्त तो आतून कसं काम करतो हे थोडं समजून घ्यावं लागतं. चला, एकेक गोष्ट बघू.

आधी हे बघा : काय काय नाहीसं होतंय?

रेल्वे म्हटलं की आपल्याला वाटतं, ती काय कुठे जाणार आहे! पण गेल्या १५–२० वर्षांत बदललेल्या गोष्टींची यादी बघा.

- बार्शी लाइट रेल्वे : १८९७ मध्ये सुरू झालेली अडीच फुटी नॅरोगेज. मिरज–लातूर मार्गाचं टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज रूपांतर झालं आणि छोटी गाडी गेली.
- मुंबईचा १५०० व्होल्ट डीसी विद्युत प्रवाह : ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी याच प्रवाहावर धावली. पुढे सगळी उपनगरी रेल्वे २५,००० व्होल्ट एसीवर गेली आणि फक्त डीसीवर चालणारी जुनी इंजिनं, लोकल गाड्या इतिहासजमा झाल्या.
- निळे जुने डबे : चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याने या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये तयार केला. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनलाही २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे मिळाले.
- कोकण रेल्वेवरचं डिझेल : रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग विजेवर आला, त्याचं लोकार्पण जून २०२२ मध्ये झालं. आता त्या मार्गाच्या फोटोत खांब आणि तारा येणारच.
- शकुंतला : विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. आता गाडी बंद आहे, पण रूळ, छोटी स्टेशनं आणि पूल अनेक ठिकाणी अजून दिसतात.

रस्त्याकडेलाही तेच. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. मुंबई–गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला, मुंबई–पुणे महामार्ग ४ चा ४८ झाला. जुना आकडा असलेला दगड दिसला तर समजा, रुंदीकरणाच्या पुढच्या टप्प्यात तो उचलला जाण्याची शक्यता भरपूर आहे.

मुंबईत तर याहून जुने दगड आहेत. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेलं मैलांतलं अंतर त्यांवर रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, तसे हे दगड गळ्यापर्यंत पुरले गेले. त्यातले काही महापालिकेने शोधून पुन्हा नीट उभे केले. रोज त्यांच्या बाजूने हजारो माणसं जातात आणि बहुतेकांना तो फुटपाथवरचा एक अडथळा वाटतो.

धावत्या गाडीचा फोटो : फोन नेमका कुठे चुकतो?

१. शटर स्पीडचं साधं गणित

ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. आता फोनचं शटर किती वेळ उघडं आहे, त्यावर गाडी फोटोत किती ‘पसरेल’ हे ठरतं.

- १/५० सेकंद : गाडी ५६ सेंटीमीटर सरकली. इंजिनाचा नंबर वाचता येणार नाही.
- १/५०० सेकंद : साडेपाच सेंटीमीटर.
- १/१००० सेकंद : पावणेतीन सेंटीमीटर. फोनच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा स्वच्छ दिसतं.
- १/२००० सेकंद : दीड सेंटीमीटरपेक्षा कमी.

भर उन्हात ऑटो मोड आपोआपच वेगवान शटर निवडतो. गडबड होते ती पावसाळ्यात, संध्याकाळी आणि प्लॅटफॉर्मच्या छपराखाली. अशा वेळी कॅमेऱ्यातला ‘प्रो’ मोड उघडा, शटर १/१००० वर ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार पण वाचता येणारा नंबर हा गुळगुळीत पण हललेल्या नंबरापेक्षा कामाचा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवायची सोय नाही, त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं.

२. गाडी तिरकी का दिसते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. समोरून आडवी जाणारी गाडी फोटोत एका बाजूला कललेली दिसते, दारं-खिडक्या समांतरभुज चौकोनासारख्या होतात. फोन खराब नाही. फोनचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात वाचत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. समजा, सगळ्या ओळी वाचायला १/६० सेकंद लागला, तर तेवढ्यात १०० च्या वेगाची गाडी ४६ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. म्हणून डब्याचा वरचा भाग एका जागी आणि खालचा भाग दुसऱ्या जागी.

इथे एक गैरसमज आहे. शटर स्पीड वाढवला की हा तिरकेपणा जाईल असं वाटतं. जात नाही. शटर स्पीडने धूसरपणा कमी होतो, ओळी वाचायचा वेळ तोच राहतो. उपाय दुसरा आहे : गाडीच्या काटकोनात उभं न राहता ती तिरकी तुमच्याकडे येताना फोटो काढा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर, उंच जागा मिळाली तर फारच छान. गाडी तुमच्या दिशेने येत असते तेव्हा चित्रातली तिची आडवी हालचाल कमी असते, त्यामुळे तिरकेपणा आणि धूसरपणा दोन्ही कमी होतात. शिवाय इंजिनाचं तोंड आणि मागची डब्यांची रांग एकाच चौकटीत बसते.

३. फोनची हुशारी थोडा वेळ बंद ठेवा

आजचे फोन एक फोटो काढतच नाहीत. ते पाठोपाठ अनेक फोटो घेतात आणि त्यांतून एक तयार करतात. एचडीआर आणि नाइट मोड असेच चालतात. दगड एका जागी उभा असतो, म्हणून त्याला हे फायद्याचं. गाडी मात्र दोन फोटोंच्या मध्ये सरकलेली असते. मग खिडक्यांच्या कडा दुहेरी होतात, डब्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळतात. म्हणून धावत्या गाडीसाठी नाइट मोड बंद, एचडीआर बंद करता येत असेल तर तोही बंद. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा मोडही गाडीसाठी नको, तो सावकाश चालतो.

४. फोकस आणि उजेड आधीच बांधून ठेवा

गाडी जिथे आल्यावर फोटो काढायचा आहे, तिथल्या रुळावर किंवा खांबावर स्क्रीनवर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर ‘लॉक’ होतील. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. नाही तर इंजिनाचा हेडलाइट दिसताच फोन गोंधळतो आणि बाकी सगळं काळं करून टाकतो. फ्लॅश कायमचा बंद. तो तिथवर पोहोचत नाही आणि लोको पायलटच्या डोळ्यांवर मात्र येतो.

५. एलईडी पाट्यांची अर्धी अक्षरं

लोकलच्या कपाळावरचं नाव डोळ्यांना नीट दिसतं, फोटोत मात्र ‘कल्याण’मधला ‘क’ गायब! एलईडीचे सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात, ते फार वेगाने आळीपाळीने पेटत असतात. १/१००० सेकंदात जेवढे पेटले तेवढेच फोटोत येतात. पाटी वाचायची असेल तर गाडी थांबल्यावर १/५० किंवा १/६० ने एक वेगळा फोटो घ्या.

६. बर्स्ट किंवा व्हिडिओ

नेमका क्षण पकडणं अवघड वाटत असेल तर बर्स्ट वापरा. अनेक फोनमध्ये शटरचं बटण दाबून बाजूला ओढलं की पटापट फोटो निघतात. दुसरा मार्ग ४के व्हिडिओचा. त्याच्या एका फ्रेममध्ये साधारण ८ मेगापिक्सेल असतात, म्हणजे नोंदीसाठी पुरेसे. शिवाय आवाजही मिळतो. घाटात मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा आवाज फोटोत कुठून आणणार? कर्जत ते लोणावळा हा भोर घाटाचा चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. मी तिथे नेहमी आधी व्हिडिओ सुरू करतो.

गाडीवरचे आकडे वाचायला शिका

फोटोत इंजिनाचा नंबर स्पष्ट आला की त्याची माहिती आपोआप वाढते. इंजिनाच्या नावातलं पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, एन म्हणजे दोन फुटी, जशी नेरळ–माथेरान. दुसरं अक्षर ताकदीचं : ए म्हणजे एसी, सी म्हणजे डीसी, डी म्हणजे डिझेल. तिसरं कामाचं : पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्ही, एस शंटिंग. म्हणजे ‘डब्ल्यूएपी-७’ हे ब्रॉडगेजवरचं, एसीवर चालणारं, प्रवासी गाड्यांचं इंजिन.

डब्यावरच्या लांब नंबरातले पहिले दोन आकडे डबा कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. जागेसाठी विजेचे खांब बघा. खांबावर वर किलोमीटर आणि खाली खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. तो फोटोत आला, की जीपीएस चुकलं तरी जागा सापडते.

दगड, पाट्या, भिंती : इथे घाई नको

गाडीच्या फोटोचे नियम इथे उलटे करा. एचडीआर चालू, जास्त मेगापिक्सेलचा मोड चालू, फोन दोन्ही हातांनी किंवा दगडाला टेकवून स्थिर, आणि तीन सेकंदांचा टायमर.

तिरपा उजेड. कोरलेली अक्षरं भरदुपारी दिसत नाहीत, कारण तेव्हा सावली पडत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं येतं, तेव्हा पुसट अक्षरसुद्धा उठून दिसतं. ते जमत नसेल तर मित्राच्या फोनचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा आणि तुम्ही समोरून फोटो काढा. मग टॉर्च दुसऱ्या बाजूने. एका फोटोत न दिसलेली रेघ दुसऱ्यात दिसते. जुन्या स्टेशनांवर कुंपणाला किंवा छपराला उभे केलेले रुळांचे तुकडे असतात. त्यांच्या कडेवर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठावात असतं, तिथे हीच युक्ती चालते.

खडू, पाणी, तेल, रंग काहीही लावू नका. अक्षरं भरण्यासाठी खडू फासणारे बरेच दिसतात. दगड तुमचा नाही आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही तो बघायचा आहे.

पाच फोटोंचा नियम. एका वस्तूचे मी कमीत कमी पाच फोटो घेतो : दूरून, म्हणजे आसपासचा परिसर कळेल असा, अगदी समोरून सरळ, मागून किंवा बाजूने, अक्षरांचा जवळून, आणि एक मोजपट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून, म्हणजे आकार कळतो. पहिला, दूरचा फोटो बहुतेक लोक काढतच नाहीत. दहा वर्षांनी ‘हे नक्की कुठे होतं?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच असतं.

पुसट भिंत वाचायची असेल तर फोटो स्नॅपसीडमध्ये उघडा, कृष्णधवल करा आणि लाल, निळा, हिरवा असे रंगांचे फिल्टर आलटून पालटून लावून बघा. भिंतीवर एकावर एक रंगवलेल्या दोन जाहिराती असतील तर एका फिल्टरमध्ये खालची दिसते, दुसऱ्यात वरची. हा प्रयोग प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

दगडाचा त्रिमितीय नमुनाही फोनवर बनतो. पॉलिकॅमसारख्या ॲपमध्ये दगडाभोवती फिरत ४०–५० फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा.

वय कसं ओळखायचं?

मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. पाटीवर वर्ष नसलं तरी खुणा असतात.

- किंमत आण्यांत : १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता मोठी. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची.
- अंतर मैलांत : १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने किलोमीटर आले, त्यामुळे दगड बहुधा त्या काळातला किंवा त्याआधीचा.
- जी. आय. पी. किंवा बी. बी. अँड सी. आय. अशी रेल्वेची आद्याक्षरं : नोव्हेंबर १९५१ च्या आधीची. तेव्हा या कंपन्यांची रेल्वे मध्य आणि पश्चिम रेल्वेत विलीन झाली.
- पत्त्यात पिन कोड : १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. त्याआधी पिन कोड नव्हताच.
- ‘बॉम्बे’ : बहुतेक १९९५ च्या आधीची.
- रुपयाचं ₹ हे चिन्ह : जुलै २०१० नंतरची. म्हणजे ‘जुनी दिसणारी’ पाटी तेवढी जुनी नाही!
- स्टेशनच्या पाटीवर एल्फिन्स्टन रोड : २०१८ च्या आधीची. त्या वर्षी ते प्रभादेवी झालं.

किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याचा रंगही बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता. आता शांत असलेल्या गल्लीत पिवळ्या डोक्याचा दगड सापडला तर महामार्ग कधीकाळी तिथून जात असणार.

बंद पडलेला रेल्वेमार्ग शोधायला गुगल अर्थ उघडा. रेल्वेला एकदम वळता येत नाही, त्यामुळे रूळ उचलले तरी शेतांमधून जाणारी लांब, मऊ वळणांची पट्टी वरून ओळखू येते. संगणकावर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रंही बघता येतात.

सगळ्यात महत्त्वाचं : तारीख, जागा, मूळ फाइल

प्रत्येक फोटोच्या पोटात एक लपलेली चिठ्ठी असते. तिला एक्झिफ म्हणतात. फोटो कधी काढला, कोणत्या फोनने, किती शटरने, आणि लोकेशन चालू असेल तर कुठे, हे सगळं तिच्यात असतं. माझ्या अमृतांजन पुलाच्या फोटोत नेमकी हीच चिठ्ठी नव्हती.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ चालू करा. मग एक छोटी काळजी घ्या. फोन खिशातून काढून लगेच फोटो काढला तर कधी कधी जुनीच जागा नोंदवली जाते. म्हणून आधी नकाशाचं ॲप उघडा, निळा ठिपका तुमच्या जागी येऊ द्या, मग कॅमेरा. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. अक्षांश-रेखांश हाताने लिहिणार असाल तर दशांश चिन्हानंतर किमान पाच आकडे लिहा. अक्षांशाचा चौथा आकडा एकाने चुकला तर जागा ११ मीटर सरकते, म्हणजे दगड रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातो.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि चिठ्ठी निघून जाते. मूळ फोटो द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गुगल फोटोजमध्ये बॅकअपची गुणवत्ता ‘ओरिजिनल’ ठेवा. जून २०२१ पासून ती अमर्याद मोफत साठवण बंद झाली आहे, त्यामुळे जागा भरते. निवडून ठेवा, पण ठेवाल ते मूळ रूपात.

तीन प्रतींचा नियम लक्षात असू द्या : एक फोनमध्ये, एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. फोन हरवतो, डिस्क पडते, पासवर्ड विसरतो. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सहसा होत नाहीत.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग वस्तू, मग गाव या क्रमाने द्या. फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतं. सोबत नोट्स ॲपमध्ये चार ओळी लिहा : वस्तू काय आहे, तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे, त्यावर काय लिहिलंय आणि आसपासच्या लोकांनी काय सांगितलं. लिहिलेलं जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. चहाच्या टपरीवरचे काका किंवा निवृत्त गँगमन पाच मिनिटांत जे सांगतात, ते शोधूनही नेटवर मिळत नाही. परवानगी घेऊन त्यांचा आवाज रेकॉर्ड केला तर उत्तमच.

कुठे टाकायचं आणि कुठे थांबायचं?

फोटो फोनमध्येच पडून राहिले तर उपयोग काय? विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली टाकले तर मराठी विकिपीडियावरच्या लेखांत ते कोणीही वापरू शकतं, तुमच्या नावासह. फोटो तुम्ही स्वतः काढलेलाच हवा. ओपनस्ट्रीटमॅपवर मैलाच्या दगडाची जागा खूण करून ठेवता येते, त्यासाठी तिथे वेगळा प्रकारच आहे.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्या. उचलून नेता येईल अशा वस्तू, म्हणजे पितळी पाट्या, घंटा, कंदील, बिडाचे भाग, यांची नेमकी जागा जाहीर करू नका. जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं. अशा वेळी सार्वजनिक प्रतीतून लोकेशन काढा, तुमच्याकडच्या मूळ फाइलमध्ये राहू द्या. घराच्या गॅलरीतून काढलेल्या फोटोलाही हेच लागू, नाही तर तुमचा पत्ताच जगजाहीर होतो.

जीव आधी, फोटो नंतर

हे शेवटी लिहितोय, पण निघताना पहिलं आठवायचं हेच.

- रुळांवर किंवा रुळांलगत जायचं नाही. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टपावरून किंवा पायरीवरून प्रवासासाठी कलम १५६ आहे.
- उभ्या मालगाडीवर चढू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज अंगावर उडी मारते. सेल्फी स्टिक वर करणंही तितकंच धोक्याचं.
- प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या मागे. स्क्रीनमधून बघताना अंतराचा अंदाज चुकतो, गाडी वाटते त्यापेक्षा जवळ असते.
- इअरफोन काढा. एका रुळावर लक्ष असताना दुसऱ्यावरून गाडी येते आणि विजेवरची गाडी फारसा आवाज करत नाही.
- महामार्गावर गाडी पूर्ण बाजूला लावा आणि रस्त्याकडे पाठ करून दगडासमोर बसू नका. सोबतच्याला रस्त्याकडे लक्ष ठेवायला सांगा.
- रेल्वे पोलीस किंवा स्टेशन मास्तरांनी नको म्हटलं तर हुज्जत घालायची नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागतेच.

चांगली जागा म्हणजे रस्त्यावरचा पूल, पादचारी पूल, प्लॅटफॉर्मचा आतला भाग, आणि गाडीतून प्रवास करताना बंद काचेची खिडकी. गाडी कुठवर आली हे एनटीईएस किंवा ‘व्हेअर इज माय ट्रेन’वर बघा, म्हणजे धावपळ होत नाही.

सुरुवात कुठून करायची?

या रविवारी लांब कुठेही जाऊ नका. घरापासून पाच किलोमीटरच्या आत एक जुनी वस्तू शोधा. जुन्या रस्त्यावरचा दगड, बंद पडलेल्या टॉकीजची पाटी, किराणा दुकानाच्या भिंतीवरची साबणाची जाहिरात, नाही तर स्टेशनची ती पिवळी पाटी, जिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाच फोटो, चार ओळी, तीन प्रती. अर्ध्या तासाचं काम.

आणि सहा महिन्यांनी त्याच जागी परत जा. माझ्या यादीतल्या काही जागांवर दुसऱ्या खेपेला नुसती ताजी खडी सापडली. तिथे काय होतं हे आता माझ्या फोल्डरमध्ये आहे, तारखेसह आणि जागेसह. अमृतांजन पुलाचं फोल्डर मात्र अजून त्या तीन फोटोंचंच आहे. तुमच्यापैकी कोणी खंडाळ्यात थांबून त्याचा नीट फोटो काढला असेल तर मूळ फाइल आज शोधा आणि दुसरीकडे कुठेतरी तिची एक प्रत करून ठेवा.